गाठीची शुश्रूषा

मंडळी, जरा पुढं सरका, मागच्यांना बसू द्या. एक प्रश्न विचारतो — राखणीला ठेवलेला माणूसच चोराला ऊन ऊन भाकरी वाढत बसला, तर त्याला काय म्हणाल? फितूर? हां, माना डोलवायची घाई नको. आधी ऐका!

सांगलीकडच्या एका गावात ज्योतिराम गुरव नावाचा पखवाजी होता. एकदा भजनात त्याच्या डाव्या हाताची थाप पडेना. लोक म्हणाले, झोप झाली नसेल! तपासणीत निघाली मेंदूत गाठ — झपाट्यानं वाढणारी. ऑपरेशन झालं, तरी थोडी राहिलीच. डॉक्टर बर्वेबाईंनी तोंडावर सांगितलं, "सहा-आठ महिने." तो म्हणाला, "बास की! तेवढ्यात पोरीला पखवाज शिकवून होतोय." पोरगी मंगल. रोज सकाळी दोघं बसायला लागले. त्याचा हात चालत नव्हता, म्हणून तो तोंडानं बोल सांगायचा आणि ती वाजवायची.

थोरला भाऊ सिदराम आण्णा. त्यानं बाईंना विचारलं, "अंगातले पहारेकरी काय करत्यात मग? झोपल्यात?"

"झोपलेले नाहीत हो. कधी कधी तर निम्मी गाठ त्या पहारेकऱ्यांचीच बनलेली असते!"

काय म्हणता! — हो मंडळी! रोगाशी लढणाऱ्या पेशी धावत येतात आणि गाठ त्यांना भासवते, अहो, मी तर जखम आहे! मग त्या काय करणार? जखमेला करायचं तेच! रक्ताच्या वाटा काढून देतात, वाढीला खुराक देतात आणि गाठीला मारायला आलेल्या दुसऱ्या पेशींना दारातच थोपवतात — हळू, आत आजारी माणूस आहे! शरीर इतकं सज्जन, की वैऱ्याची शुश्रूषा करतं.

बाई पुढं म्हणाल्या, "मेंदूची सूज उतरवायला दिलेल्या या गोळ्यांनीही पहारा थोडा दबतो. पण त्या बंद करायच्या नाहीत."

आण्णानं काय ऐकलं? पहिलं वाक्य! दुसऱ्याच्या वेळी तो गुळवेल कुठं मिळेल याच विचारात. हसताय काय? तुम्हीही डॉक्टरांचं अर्धंच ऐकता!

गोळ्या बंद. तीन वेळा काढा. मंगल म्हणाली, "आण्णा, बाईंना विचारूया की."

"बाईच म्हणल्या, गोळ्यांनी ताकद मरतीय!"

दुसऱ्या दिवशी ज्योतिराम म्हणाला, "आण्णा, डोकं लई ठणकतंय." आण्णानं काढ्याची वाटी घेतली, फुंकर घालून निववली आणि लेकराला पाजावं तशी पाजली.

चौथ्या दिवशी ज्योतिराम उठेना. मेंदूची सूज वाढली होती. दवाखान्यात जीव राहिला, पण बोलणं गेलं. पुढं पाच महिने जगला. मंगल समोर बसून वाजवायची, त्याच्या तोंडून एक बोल फुटायचा नाही. तिचा हात चुकला की डोळे मिटून घ्यायचा.

तेराव्यानंतर आण्णा बाईंकडं गेला. "मी मारला का त्याला?"

बाई म्हणाल्या, "गाठ थांबणार नव्हतीच, आण्णा. शिकवायचे दिवस मात्र गेले."

आता सांगा, फितूर कोण? कुणीच नाही! पेशींची चाकरी खरी होती, आण्णाची माया खरी होती. मला वाईट वाटतं ते याचंच. तुमच्याही घरात कुणीतरी अंथरुणावर असेल, आणि तुम्ही त्याच्यासाठी धावताय — धावा! पण तो ठणकतंय म्हणतो, तेव्हा तुमचं लक्ष कुठं असतं? आज मोठ्यानं गजर नको. देवाचं नाव मनातच घ्या, घरी जा, आणि त्या आजारी माणसाचं वाक्य पुरं होऊ द्या.