भिमाची पसंती

शिरूरच्या स्टँडवर न्हावऱ्याच्या एसटीची वाट बघता बघता सुषमाबाईंचे कान मागच्या बाकाला चिकटले होते.

“भिमा, पोरीकडच्यांनी तुला जत्रेच्या नाटकातच बघितला म्हनं?”

“व्हय मामा. आन् नेमका मी मेलो.”

“कशानं?”

“मल्हारआप्पांच्या हट्टानं. ते राजे, मी धाकटा भाऊ. त्यांच्यापायी मी मेलो, रानी मेली, सेनापती मेला. पब्लिक रडलं मातर आप्पांसाठी.”

“हिरो हायेत ते.”

“अर्धा तास मरत हुते! तवर आमी तिघं मढी होऊन स्टेजवर. मला मुंगळे चावले, तरी हललो न्हाई.”

“मग, नकार आला?”

“होकार! पोरगी म्हनली, दुसऱ्याच्या हट्टापायी एवढा गप पडून ऱ्हानारा नवरा परत गावायचा न्हाई.”