डाकूची बहीण

बसवनगुडीच्या दवाखान्यात डोळ्यांत औषध घालून दोघं म्हातारे बहीणभाऊ माझ्या शेजारी बसले होते. दोघांचेही डोळे मिटलेले.

"अक्का, लहानपणी अप्पांनी दाखवलेला तो तलवारबाजीचा इंग्रजी पिच्चर आठवतो? जंगलातला डाकू, श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा?"

"न आठवायला काय झालं? अप्पा शेजारी बसून सगळा मराठीत सांगत होते."

"परवा टीव्हीवर लागला होता, कन्नडमध्ये. शेवटी राजा विचारतो, तुला काय पाहिजे?"

"आणि डाकू म्हणतो, माझ्या बहिणीला हायस्कुलात घाला."

"तसं काही नाही त्यात. तो साथीदारांसाठी माफी मागतो. त्याला बहीणच नाही, अक्का."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"कॉलेजात गेल्यावर परत बघितला मी. तोवर इंग्रजी कळायला लागलं होतं."

"म्हणजे अप्पांना इंग्रजी येत नव्हतं?"

"स्वल्प हळू बोल, गुंडू. चांगलं येत होतं."

"मग तुला खोटं का सांगितलं?"

"मला कुठं सांगत होते? मुलीला सातवी पुरे म्हणणारी आजी पलीकडे बसली होती."