ढोलीतला उजेड

— थो आवाज? उंदीर असन जी. धान भराची ढोली आहे न, उंदीर येतेच — तुमी चहा घ्या, श्यामलालभाऊ, थंडा होऊन राहिला. रुचीचे बाबा तिरोड्याले गेले, मिठाई आणाले, येतीलच आता. अन् रुची... रुची मैत्रिणीकडे... अजी, बसा न! कायले उठता? — हं, खोकला. उंदीर खोकलत नाई, मालूम आहे मले बी. बरं, रुचीच आहे आत. ढोलीत. रिकामी आहे थे, धान इकून झालं.

हासू नका जी. तुमी कामठ्यावरून पुतण्यासाठी पोरगी पाहाले आले, अन् पोरगी ढोलीत बसून! पण तिचा प्रयोग चालू आहे. अंधार पायजे तिले, पुरा काळाकुट्ट. आत लेझर आहे, कॉलेजच्या सरचा कॅमेरा आहे, अन् एक काच — काजळी धरून, ब्लेडनं दोन चिरा मारल्या तिच्यावर. आज संध्याकाळपर्यंत फोटो पुण्याले धाडाचा आहे, तवाच तिथं शिकाले घेतीन. जरा बी उजेड शिरला का गेला फोटो. — कशाचा काय? उजेडाचाच! उजेडाच्या फोटोले अंधार कायले पायजे, मले बी येडेपणाच वाटला. मंग तिनं मले चोरखमाऱ्याच्या तलावावर नेलं, दोन गोटे संगच टाकले पाण्यात — लाटा भिडल्या, कुठी पाणी उसळते, कुठी एकदम चूप. उजेड बी तसाच, दोन्ही चिरांतून लाटेसारखा जाते म्हणे. पण पडते कसा? दाण्यासारखा! एक टिपका इथं, एक तिथं. अन् एक-एक दाणा सोडला तरी पट्टेच पडते जी — इथं रास, इथं कोरडं, मंग पुन्हा रास. मी म्हटलं, बाई, लाट का दाणा, एक काही सांग न! थे म्हणे, आई, दोन्ही. अन् अशी हासली... बापानं लग्नाचं काढल्यापासून हासलीच नव्हती माई पोरगी.

काय म्हटलं? बारावी झाली, बस झालं? कोणाले बस झालं जी? तुमचा उमेंद्र चांगलाच असन, मी कुठं नाई म्हणून राहिली, पण — आता आवाज कायले देता तिले? हालली का टिपके हालते! अन् मले दोष देऊ नका, मले काय मालूम तुमी आजच येणार? मालूम असतं तर मी ढोलीवर गोधड्या टाकल्या असत्या का, तिले आत धाडून...

हं. टाकल्या. मीच टाकल्या. सकाळी यांचं तुमच्यासंग फोनवरचं बोलणं ऐकलं, अन् तिले म्हटलं, शिर आत, मी आहो बाहेर. सांगा यांले, खुशाल सांगा! लय भेव वाटून राहिलं मले, पण — ओ! ओ भाऊ! गोधडीले हात लावू नका. हात मागं घ्या जी. पाहुणे आहा, म्हणून नीट सांगून राहिली.

या तुमी आता. उमेंद्रले दुसरी पोरगी भेटन, हिचा हा फोटो पुन्हा नाई निघत. — अन् जातानी दार ओढून घेजा. उजेड येऊन राहिला.