नमुना आणि होकार

(शिंप्याचं दुकान. बाबा शर्टाला बटणं लावताहेत. समोरच्या स्टुलावर लेक.)

बाबा: कोरा कागद आहे का गं? मापं लिहायचीत.

लेक: एकच आहे, त्यावर राजीनामा लिहिलाय. उद्या मॅडमना देते. बास झालं संशोधन!

बाबा: अगं बाई! झालं काय ते तर सांग.

लेक: आधी मस्त जमलेला प्रयोग आता तीनदा फसला. मॅडम म्हणतात, पहिलाही योगायोगच होता. रडूच आलं मला.

बाबा: मला कळेल असं सांग बघू.

लेक: शरीरात पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं काही घुसलं की ते गिळायचं, तुकडे करायचे आणि एकेक तुकडा अंगावर मिरवायचा. लढणाऱ्या पेशी येतात, चाचपतात, पुढे जातात. जिला तो तुकडा जुळतो ती थांबते, मग एकीच्या हजार होतात.

बाबा: म्हणजे बायका कापडाचा तुकडा घेऊन मॅचिंग बटण शोधायला येतात, तसं.

लेक: अगदी तस्संच! डबेच्या डबे उपसायचे.

बाबा: मग तुझं अडलं कुठे?

लेक: तुकडा जुळतो, पेशी थांबते आणि ढिम्म बसून राहते.

बाबा: बरोबरच आहे तिचं. बटण जुळलं तरी गिऱ्हाईक ‘लावा’ म्हणेपर्यंत मी सुईत दोरा ओवत नाही.

लेक: तसा होकारही असतो, बाबा. पहारेकरी पेशीला धोका जाणवला, तरच ती दुसरी खूण देते. पहिल्या वेळी तर ती आपोआप… थांबा, थांबा!

बाबा: थांबलोय. टोचलं ना मला!

लेक: पहारेकऱ्यांना गिळायला आम्ही एक प्रथिन देतो. पहिल्या वेळचं आम्हीच केलं होतं, जंतूंमध्ये वाढवून. यंदा अतिशुद्ध बाटली मागवली.

बाबा: जास्तच धुतलंत की काय?

लेक: बाबा! जुन्यात जंतूंचा मळ राहिला असणार! त्यानंच पहारेकरी जागे झाले. नव्यात मळच नाही, मग होकार देणार कोण? आणि मी वेडी, शुद्ध माल आणला म्हणून मिरवत होते!

बाबा: मग आता गं?

लेक: नव्या प्रथिनात मुद्दाम थोडा मळ घालून बघायचं. पेशी वाढल्या, तर पहिला प्रयोग खोटा नव्हता.

बाबा: आणि नाही वाढल्या तर?

लेक: तर पुन्हा इथे येऊन तुमचं डोकं खाईन. निघते मी!

बाबा: खुशाल खा. अगं, तुझं पत्र राहिलं इथे!

लेक: राहू दे. मागची बाजू कोरी आहे, मापं लिहा.