ठकूआजीचं विरजण

मंडळी, एक सांगा बरं — माणूस गेलं, की त्याचा शब्द घरात किती दिवस चालतो? तेराव्यापर्यंत? की पितृपक्षातल्या खिरीपर्यंत? करा विचार, तोवर मी सांगतो.

एक होती ठकूआजी. माहेरून येताना दह्याचं विरजण घेऊन आली आणि जन्मभर तेच लावत राहिली. नातसुनांना तिनं एकच नेम घालून दिला — विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. आणि उभ्या उभ्या द्यायचं नाही! आधी बसवायचं, "बरं आहे ना?" विचारायचं, मगच वाटी भरायची.

आजी गेली. मागं दोन नातू, सोपान आणि मुकिंदा. बांधावरच्या एका चिंचेवरून भांडले हो! बोलणं बंद. घरं दोन, मधे अंगण एक. थोरल्या सोपाननं बायकोला, कौसाला बजावलं, "त्यांच्याशी एक शब्द बोललीस तर याद राख!" अंगणात भिंत घालायला विटा आणून टाकल्या. गवंडी सांगून ठेवला.

आणि नेमकं काय व्हावं? त्या भांडणाच्या तिरीमिरीत कौसानं कढत दुधातच विरजण घातलं! दूध फाटलं, विरजण संपलं. मावशी, हसू नका, तुमच्याकडूनही झालंय कधीतरी!

तिनं दुसऱ्या गल्लीतून विरजण आणलं. सोपाननं ताकाचा घोट घेतला आणि वाडगं खाली ठेवलं.

"हे आपलं ताक नाही."

"आपलं आता पलीकडच्याच घरी आहे. मला बोलायची बंदी. तुम्हीच जा!"

दोन दिवस तणतणला. पण आजीच्या हातचं ताक पिऊन वाढलेला गडी! शेवटी वाटी घेऊन निघाला. दारात मुकिंदा. त्यानं वाटीकडं बघितलं, तोंड फिरवलं. आतून त्याची बायको शेवंता म्हणाली, "विरजणाला आलेत ना? मग बसवा की! आजीचा नेम आहे."

मुकिंदा दाराच्या चौकटीकडं बघत म्हणाला, "बस."

सोपान बसला.

"बरं आहे ना?"

आता याला आपण काय म्हणतो? "बरंय!" पण सोपान म्हणाला, "नाही रे. बरं नाही. आजीची फार आठवण येते."

मुकिंदा त्याच्याशेजारी बसला. "मलाही," म्हणाला. मग पुष्कळ वेळ दोघं रडले.

गवंडी आला, ताक पिऊन परत गेला. चिंचेवरून अजून कुरबुर आहे — पण ती बोलून!

आजीला ठाऊक होतं, पोरं भांडणार. "भांडू नका" म्हणून कोण ऐकतं? म्हणून तिनं भांडल्यावर एकमेकांच्या दारात बसायची सोय करून ठेवली.

आता इकडं बघा. याच सभामंडपात दोन भाऊ दोन खांबांना टेकून बसलेत. नावं घेत नाही, गावाला माहीत आहे! बाबांनो, तुम्हालाही आजी होतीच की. उठा, त्याच्याजवळ जाऊन बसा. बरं आहे का विचारा. आणि त्यानं विचारलं, तर खरं सांगा. देवाचा गजर आपण मग करू — आधी भावाला हाक मारा!