घाटाच्या गाडीचे पट्टे कापल्याबाबत

ता. २३ ऑक्टोबर १९६९

मी सावित्राबाई कोंडू हिले, वय अंदाजे सव्वीस, धंदा गवत कापून विकणे, राहणार कुसगावच्या वरची वाडी, ता. मावळ. ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी नवरा व मुलगी हिरी, वय चार, यांच्यासह वरील ठिकाणी राहते. घाट अपघात मदत मंडळाच्या गाडीवरील मदतनीस भिमाजी याने माझ्याविरुद्ध पट्टे कापल्याची व मारहाणीची तक्रार दिली आहे, ती मला वाचून दाखवली.

परवा सकाळी हिरीचा घसा सुजून तिला श्वास पुरेना. घटसर्प होता हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. ती माझ्या मांडीवर पुढे वाकून, तोंड उघडे ठेवून बसली होती. आडवी होत नव्हती. सडकेवर मंडळाची, घाटातल्या ट्रक-अपघातांचे जखमी नेणारी गाडी उभी होती. ड्रायव्हर सीताराम लगेच न्यायला तयार झाला. त्याच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

भिमाजीने हिरीला माझ्याकडून ओढून घेतले, स्ट्रेचरवर उताणी निजवले आणि मोठ्या माणसाचे पट्टे दुहेरी करून आवळले. मी म्हटले, "तिला बसूनच दम घेता येतोय, निजवू नका." तो म्हणाला, "आमाला शिकवलंय. पेशंट आडवाच पायजे. नातेवाइकानं म्होरं बसायचं."

ते शिकवणे मी पाहिलेले आहे. पावसाळ्याआधी सडकेवर सराव झाला, तेव्हा पेशंट म्हणून माझ्याच नवऱ्याला निजवले होते. पट्टे इतके बेताने बांधले की त्याला तिथेच झोप लागली. लोक हसले, मीही हसले. लेकराला कसे न्यायचे हे कोणी दाखवले नाही.

मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. कार्ला फाट्याच्या अलीकडे मागून येणारी हिरीच्या श्वासाची घरघर थांबली. भिमाजी मधल्या जाळीतून म्हणाला, "निजली बगा. उगाच जीव खात व्हता तुमी." मी वळून पाहिले. हिरीचे ओठ जांभळे पडले होते. मी ओरडून गाडी थांबवली, मागे चढले आणि कमरेच्या विळ्याने दोन्ही पट्टे कापले. भिमाजी आडवा आला, त्याच्या मुस्काटात एक दिली. तो दोन म्हणतो, ते खोटे आहे. हिरीला मांडीवर घेऊन पुढे वाकवले, तेव्हा तिचा श्वास परत सुरू झाला. तळेगावच्या दवाखान्यात गळ्याला छेद देऊन नळी घातली. मुलगी जिवंत आहे. अजून आवाज फुटत नाही.

मंडळाचे शिकवणारे साहेब दवाखान्यात आले होते. मी विचारले, "सायेब, लेकरांचं का शिकवलं न्हाई?" ते म्हणाले, "बाई, लहान मुलं घाटात ट्रक चालवत नाहीत." यावर मी जे बोलले ते हवालदारांनी लिहून घेतलेले नाही.

माफी मागितली तर प्रकरण मिटेल, असे मला सांगण्यात आले. माफी मागणार नाही. पट्टे शिवून देईन. भिमाजीवर माझा दात नाही, त्याला जे शिकवले ते त्याने केले. चोर सोडून संन्याशाला सुळी नको. पण पुढच्या सरावाला पुन्हा दांडगा बाप्या निजवणार असतील तर मी तो सराव होऊ देणार नाही. आईच्या मांडीवर लेकरू बसवा आणि मग शिकवा.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'रागाच्या भरात पट्टे कापले' असे होते, ते मी खोडायला लावले. तेव्हा मला रागवायला सवड नव्हती. राग आता आला आहे, तो लिहा. एवढे दुरुस्त केल्यावर बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सावित्राबाई कोंडू हिले, निशाणी डाव्या हाताचा अंगठा