सुभद्रेने नाव घेतलं

थांब बेटा, सुई लावू नकोस अजून — आधी तुझ्या त्या स्मरणशक्तीच्या चाचणीतला एक गुण काढून टाक. पतीचं नाव काय, विचारलंस. सुभद्रा ‘नारायणराव’ म्हणाली, तू बरोबरची खूण केलीस. ते उत्तर चूक आहे. अगं, हसू नकोस, माझं नाव नारायणरावच आहे! कसं सांगू तुला... तुम्हा इंदूरच्या मुली सर्रास नवऱ्याला नावाने हाका मारता, छान आहे ते, पण ही धारची, जुन्या वळणाची — चाळीस वर्षांत माझं नाव तोंडातून काढलं नाही तिने. रेशनचा बाबू म्हणाला, ‘माताजी, पति का नाम बोलो,’ तर हिने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या शेषशायीकडे बोट दाखवलं. त्या भल्या माणसाने ‘विष्णु’ लिहून टाकलं! पुढे कितीतरी दिवस मी घासलेट विष्णु होऊन आणलं. आणि आज तू विचारलंस — पटकन म्हणाली. मागाहून काय म्हणाली, ऐकलंस ना? ‘ते कॉलेजात गेलेत, येतीलच, तुम्ही बसा.’ ते ‘तुम्ही बसा’ मला होतं, बेटा. परक्या माणसासमोर नाव घ्यावं लागलं म्हणून लाजलीसुद्धा.

मला कळायला हवं होतं — नाही, कदाचित मी उगाच... मी वनस्पतिशास्त्राचा माणूस, पानावर ठिपका दिसायच्या आत रोग ओळखा, हेच शिकवलं इथे देवासात जन्मभर. तुमचंही तेच ना? रक्तात कोणते जीन जागे, कोणते गप्प, ते मोजायचं, म्हणजे विसरणं वाढण्याआधीच कळेल. वाचलंय मी सगळं, अर्धं समजलं असेल. औषध नाही, तेही ठाऊक आहे. तरी वाटलं, कुणीतरी हिच्याकडे बघतंय...

काय म्हणालीस? हो, सुरुवातीचेच पेशंट हवेत. एक गुण गेला की ही बसत नाही तुमच्या अभ्यासात. मग राहू दे का तो? — नको, नको. हिचं रक्त ‘सुरुवातीचं’ म्हणून गेलं, तर तुमचा सगळा हिशेब चुकेल, आणि तो चुकला की उद्या दुसऱ्या कुणाच्या सुभद्रेचं निदान चुकेल. काढ तो गुण. काढलास? बरं.

पेटी बंद करतेस? कर. पण ती बघ, बाही वर करून, हात पुढे धरून बसली आहे केव्हाची. तुझ्यापुढे किती विश्वासाने... मी धरायला गेलो की पदर सावरून मागे सरते. तू धर जरा, कोमल. सुई नको, नुसता धर. मी बाहेर पायरीवर बसतो — घरात परका पुरुष असला की तिला अवघडतं.